वऱ्हाडचे युवराज : आझम जाह

आमच्या आदिलाबादेहून उत्तरेस निघालेला रस्ता पैनगंगा ओलांडून पांढरकवड्यास जातो. नदीपलीकडचा मुलूख वऱ्हाडचा. इतिहासाच्या तासाला हैदराबादच्या गादीच्या वारसाचा किताब ‘प्रिन्स ऑफ बेरार’, म्हणजे वऱ्हाडचे युवराज, असा होता हे सांगितले की एखादा मुलगा हमखास विचारतो, “मग हे युवराज पलीकडच्या काठावर राज्य करीत होते काय?” नाही. त्यांनी पलीकडेही राज्य केले नाही आणि अलीकडेही केले नाही. असे का झाले, तेवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम किताबाची हकीकत. इंग्रजांच्या देखरेखीखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च निजाम सरकारवर पडे, आणि तो थकत गेला. त्या फेडीसाठी 1853 च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्गकडील मुलूख इंग्रजांच्या कारभारात गेले. 1860 मध्ये दुआब व नळदुर्ग परत मिळाले. कापसाचे वऱ्हाड मात्र मिळाले नाही. पहिले सालारजंग आयुष्यभर त्यासाठी झटले. अखेर 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने सहावे निजाम मीर महबूब अली खान यांजकडून सालीना 25 लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने लिहून घेतला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी मागणी पुन्हा लावून धरली; 1926 मध्ये लॉर्ड रीडिंगने ती फेटाळली. मग 1936 च्या करारात तडजोड झाली. वऱ्हाडावरील निजामाचे सार्वभौमत्व कागदावर मान्य झाले, कारभार मध्य प्रांताबरोबर पूर्वीसारखाच चालू राहिला, आणि वडील पुत्रास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणविण्याचा मान मिळाला. मुलूख मिळाला नाही, नाव मिळाले! आझम जाह यांच्या चरित्राचा सारा रंग या एका करारात आहे असे आम्हांस वाटते.

मीर हिमायत अली खान आझम जाह यांचा जन्म 21 फेब्रुवारी 1907 चा. त्यांचा विवाह 12 नोव्हेंबर 1931 रोजी फ्रान्समधील नीस शहरी झाला. वधू दुर्रुशेहवार या तुर्कस्तानचे शेवटचे खलीफा अब्दुल मजीद यांच्या कन्या. मार्च 1924 मध्ये खिलाफत रद्द झाली तेव्हा दहा वर्षांची ही मुलगी वडिलांबरोबर देशाबाहेर पडली होती. नीस येथे परागंदा राहणाऱ्या या कुटुंबास हैदराबादेहून तनखा जाई. त्याच वेळी धाकटे बंधू मोअज्जम जाह यांचा निकाह उस्मानी घराण्यातीलच निलोफर यांच्याशी लागला. एका घराण्याचे तख्त गेलेले आणि दुसऱ्याचे अजून जावयाचे होते. पण त्या दिवशी ते कोणाच्या ध्यानी असेल?

दुर्रुशेहवार हैदराबादेत आल्या, पडद्यात राहिल्या नाहीत, शाळा व दवाखान्यांच्या कामात लक्ष घालू लागल्या. त्यांना दोन पुत्र झाले : मुकर्रम जाह (1933) आणि मुफ्फखम जाह (1939). आझम जाह यांचे निवासस्थान ‘बेला व्हिस्टा’. पुढे त्या वास्तूत अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज आले. संस्थानी फौजेचे सरसेनापतिपद आझम जाह यांना दिलेले होते. पण 1948 च्या सप्टेंबरात फौजेची खरी सूत्रे मेजर जनरल अल् इद्रूस यांच्या हाती होती आणि शरणागतीही त्यांनीच दिली. खर्चाचा हात सैल, त्यामुळे कर्जे. पित्याचा स्वभाव याच्या नेमका उलट. बापलेकांचे पटले नाही. पतिपत्नीही पुढे वेगळी राहू लागली.

त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यात काय चालले होते, हेही विद्यार्थ्यांनी शेजारी मांडून वाचावे. युवराजांस किताब मिळून चार वर्षे होतात न होतात तोच, 1940 मध्ये, जोडेघाटच्या डोंगरात जंगल-जमिनीच्या हक्कासाठी उभे राहिलेले गोंड पुढारी कुमरम भीम निजामी पोलिसांच्या गोळीबारात पडले. दरबारच्या याद्यांत त्यांचे नाव नव्हते. आज जिल्ह्याला त्यांचे नाव आहे.

24 फेब्रुवारी 1967 रोजी उस्मान अली खान पैगंबरवासी झाले. गादी साठ वर्षांच्या पुत्राकडे न जाता नातू मुकर्रम जाह यांजकडे गेली. आजोबांची इच्छा तशीच होती. येथे आमच्या वडीलधाऱ्या मंडळींत नेहमी वाद निघतो. शरीअतीप्रमाणे पुत्र हयात असता त्याच्या मुलास वारसाहक्क पोहोचत नाही. मग हे कसे? उत्तर असे की, शरीअतीचे हिस्से मयताच्या मालमत्तेला लागतात. गादी ही मालमत्ता नव्हे. शिवाय 1967 साली राज्य उरलेच कोठे होते? संविधानाच्या 366 व्या अनुच्छेदान्वये राष्ट्रपती ज्यास वारस म्हणून मान्यता देतील तो ‘संस्थानिक’. हाती येणार होता तो किताब आणि तनखा, आणि तोही 1971 च्या घटनादुरुस्तीने संपला. तेव्हा आझम जाह यांच्याकडून राज्य हिरावले गेले असे म्हणणे बरोबर नाही. पण भर दरबारात मुलगा गादीवर बसत असता बापाने बाजूस राहावे, हे दुःख लहान नव्हे, आणि ते नाकारण्याचे कारणही नाही. 9 ऑक्टोबर 1970 रोजी ते वारले.

मुकर्रम जाह पुढे ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या कुरणावर राहिले, नंतर तुर्कस्तानात. 14 जानेवारी 2023 रोजी इस्तंबूलला त्यांचे निधन झाले आणि हैदराबादच्या मक्का मशिदीत दफन झाले. दुर्रुशेहवार 2006 मध्ये लंडनला वारल्या, कबरही इंग्लंडातच. वऱ्हाड तर 1956 मध्ये मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात गेले. 1956 च्या त्याच पुनर्रचनेत आमच्या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुकेही मुंबई राज्याकडे गेले, आणि अनेक घरांचे सोयरे एका रात्रीत दुसऱ्या राज्याचे झाले.

हैदराबादच्या पुरानी हवेलीत दुर्रुशेहवार यांच्या नावाचे मुलांचे रुग्णालय आहे. आमच्यापैकी कोणी लेकराला घेऊन तेथे गेला, तर दारावरचे नाव वाचावे आणि ही बाई कोणाची कोण, ते लेकरास सांगावे.