कोंबडीचा पाय वाकडा. पण रोग कोणता?



उसाचे बिल हप्त्याने येते, पण अंड्यांचा पैसा आठवडे बाजाराला रोख मिळतो, आणि तो बहुतेक घरच्या बाईच्या हातात असतो. म्हणून या वेळी उसाच्या पानात परसातल्या कोंबड्यांचा विषय घेतला आहे.

वस्तीवर गेले की एखादी तरी कोंबडी लंगडताना दिसते. विचारले तर उत्तर ठरलेले, "लकवा मारलाय, साहेब." मग कोणी पायाला डिझेल चोळतो, कोणी जळके ऑईल लावतो, तर कोणी सरळ कालवणाची तयारी करतो. पण लंगडणारी प्रत्येक कोंबडी लकव्याची नसते. काही दोष वेळीच पाहिले तर चार दिवसांत जातात. काही जन्मभर राहतात, पण अंड्याच्या आड येत नाहीत. आणि एखादा रोग असा असतो की सारे खुराडे रिकामे करतो.

आधी तीन गोष्टी पाहा : पक्ष्याचे वय किती, एक पाय धरलाय की दोन्ही, आणि एकच पक्षी आजारी आहे की अनेक. मग पाय हातात घेऊन तळवा, बोटे आणि खवले नीट तपासा.

(१) जन्मतः वाकडी बोटे : एखादे बोट बाजूला वळलेले असते, पण कोंबडी चालते, चरते, अंडी देते. हा दोष आनुवंशिक असतो किंवा उबवणीत उष्णता कमी-जास्त झाल्याने येतो. औषध नाही, गरजही नाही. मात्र अशा कोंबडीची अंडी उबवायला ठेवू नयेत. साध्या कोंबडीला चार बोटे असतात. सिल्की, डॉर्किंग अशा जातींना पाच असतात. तो रोग नव्हे.

(२) फाकलेले पाय : पिल्ले खोक्यात गुळगुळीत वर्तमानपत्रावर ठेवली की पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात. खाली गोणपाट किंवा भाताचे तूस घाला. दोन्ही पाय नेहमीच्या अंतरावर राहतील असे मऊ चिंधीने सैलसर बांधून दोन-तीन दिवस ठेवा. हा उपाय पहिल्या आठवड्यातच लागू पडतो.

(३) मुठीसारखी वळलेली बोटे : पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लू दोन्ही पायांची बोटे आत वळवून गुडघ्यावर बसत चालते. हा 'ब-२' जीवनसत्त्वाचा अभाव. नुसत्या कण्या व शिळ्या भातावर वाढवलेल्या पिल्लांत असे अभाव होतात. चिक स्टार्टर, थोडे ताक, बारीक चिरलेला लसूणघास द्या आणि डॉक्टरांना विचारून बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून द्या. उशीर झाला तर नस कायमची जाते.

खाण्यातून पाय जातात हे जगाला कोंबड्यांनीच शिकवले. सुमारे १८९० साली जावात आइकमान नावाचे डच डॉक्टर पायातली शक्ती गेलेल्या कोंबड्या तपासत होते. त्यांना दवाखान्यातला पॉलिशचा पांढरा भात मिळत होता. तो बंद होऊन कोंड्यासह तांदूळ मिळताच कोंबड्या उभ्या राहिल्या. उणीव 'ब-१' जीवनसत्त्वाची होती. आइकमान यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या को. ४१९ उसाची आई पीओजे २८७८ ही त्याच जावाची!

(४) तळपायाचा फोड : भारी कोंबडी उंचावरून उडी मारते, काटा किंवा काच रुतते, जंतू शिरतात. तळवा सुजतो, मध्ये काळी खपली धरते. कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेकून पुसा, पोव्हिडोन आयोडीन लावून पट्टी बांधा, पक्षी कोरड्या जागी ठेवा. ब्लेडने फोडू नका. गाठ कडक असेल तर दवाखाना गाठा. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. बसायची दांडी गुळगुळीत आणि दीड-दोन फुटांवरच ठेवा.

(५) खवल्यांची खरूज : म्हाताऱ्या कोंबडीचे खवले उचलतात, खाली पांढरी राख साचल्यासारखी दिसते. खवल्याखाली किडे असतात. साबणाच्या कोमट पाण्याने पाय धुऊन खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन जाड थराने लावा आणि काही आठवडे पुन्हा पुन्हा लावत राहा. तेलाने किडा गुदमरतो. डिझेलने कातडी भाजते. सर्व कोंबड्यांना एकाच वेळी उपचार करा, दांड्याही धुवा.

(६) खरा लकवा : तलंगेचा एक पाय पुढे, एक मागे पसरला तर मॅरेक्स रोगाची शंका घ्यावी. हंगेरीच्या मॅरेक यांनी १९०७ साली तो प्रथम वर्णिला. त्याला औषध नाही. एक दिवसाच्या पिल्लाला हॅचरीत लस दिली जाते. म्हणून पिल्ले घेताना "मॅरेक्सची लस दिली का?" हे विचाराच. मान मुरगळणे, हिरवी हगवण आणि भराभर मर ही राणीखेतची लक्षणे. पायावर लाल-जांभळे डाग आणि एकदम अनेक मरणे म्हणजे बर्ड फ्लूचा धोका. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात प्रथम हा रोग सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. अशा वेळी मेलेला पक्षी कापू नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

मुंबईत परळ-भोईवाड्याकडे केईएम किंवा टाटाला पेशंट घेऊन आपल्यापैकी अनेकजण जातात. तिथेच 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणून ओळखले जाणारे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे हॉस्पिटल आणि १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गाय-बैल, घोडा यांच्याइतकीच कोंबडीचीही विद्या तिथे शिकवतात. तिथे शिकलेले डॉक्टर आपल्याकडच्या दवाखान्यांतही भेटतात. बैल लंगडला तर आपण त्यांच्याकडे धावतो. कोंबडी लंगडली तर सुरीकडे. दोनशे-तीनशेचा पक्षी म्हणून दुर्लक्ष होते, पण रोग एका पक्ष्यावर थांबत नाही.

तेव्हा लंगडी कोंबडी दिसली की तिला डालग्याखाली वेगळी ठेवा, पाय उचलून पाहा आणि मगच ठरवा. घरातल्या बायकांना हा लेख वाचून दाखवावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी