थेर-थेरींच्या गाथा : निसर्ग, शब्द आणि दुःखातून बाहेर येण्याची वाट



आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आपण ते निष्ठेने ऐकतो. परंतु विहारातून घरी परतल्यावर आपल्या स्वतःच्या दुःखाचे काय करावे, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात तसाच उरतो. कुणाचे जवळचे माणूस गेलेले असते, कुणाचा मुलगा व्यसनात अडकलेला असतो, कुणाला निवृत्तीनंतर दिवस खायला उठतो. अशा वेळी आम्हांला थेरगाथा आणि थेरीगाथा या दोन ग्रंथांचा मोठा आधार वाटतो. म्हणून या लेखात त्यांचा अभ्यास मांडला आहे.

गाथा कुणाच्या?

सुत्तपिटकातील खुद्दकनिकायात हे दोन्ही ग्रंथ येतात. परंपरेप्रमाणे थेरगाथेत २६४ भिक्खूंच्या व थेरीगाथेत ७३ भिक्खुणींच्या गाथा आहेत. त्या आधी मुखोद्गत होत्या, पुढे लिहिल्या गेल्या. यांत सिद्धांताची चर्चा कमी आणि स्वतःचा अनुभव अधिक आहे. ‘मी अशी होते, माझ्यावर हे कोसळले, मी असे पाहिले आणि मोकळी झाले’ अशी यांतील अनेक गाथांची धाटणी आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या स्त्री-पुरुषांची ही छोटी आत्मकथनेच होत.

पटाचारेचे पाणी

पटाचारेची कथा आपल्याला ठाऊक आहे. अट्ठकथेनुसार सर्पदंशाने तिचा पती गेला, नवजात बालक ससाण्याने उचलले, थोरला मुलगा अचिरवती नदीत वाहून गेला आणि वादळात घर कोसळून आईवडील व भाऊही गेले. तिचे भान सुटले. तथागतांनी तिला भानावर आणले आणि ती संघात आली. येथपर्यंतची कथा आपण प्रवचनांतून ऐकतो. परंतु स्वतः पटाचारेच्या गाथेत या आघातांचे वर्णन नाही. तिथे ती पाय धुते आहे. पायांवरून ओघळलेले पाणी उंचावरून सखल भागाकडे जाताना ती पाहते आणि तिचे चित्त स्थिर होते. मग ती दिवा घेऊन खोलीत जाते, बिछान्यावर बसते आणि सुईने वात खाली ओढते. दिवा विझतो आणि त्याच क्षणी चित्त मुक्त होते.

ज्या पाण्याने तिचा मुलगा नेला, त्याच पाण्याकडे ती पुन्हा पाहू शकली. पाणी वाहते, वाहणे हा त्याचा स्वभाव आहे, हे तिने डोळ्यांनी पाहिले. अनित्यतेचा धडा तिला तांब्याभर पाण्याने दिला. आम्हांला वाटते, निसर्गाने मन बरे होते याचा अर्थ एवढाच आहे : समोर आहे ते नीट पाहणे.

महाकस्सपांचे डोंगर

महाकस्सप थेरांच्या गाथांत डोंगर फिरून फिरून येतात. स्वच्छ पाण्याचे झरे, शेवाळलेले खडक, माकडे, हरणे, मोर आणि जवसाच्या फुलांसारखी निळाई. हे सर्व पाहून आपले मन रमते असे ते सांगतात. मात्र शेवटी ते म्हणतात की, एकाग्र चित्ताने धम्म नीट पाहण्यात जो आनंद आहे तो वाद्यसंगीतातही नाही. म्हणजे निसर्ग हे साध्य नव्हे, साधन होय. आपल्या सह्याद्रीतील लेणीही याच विचाराची साक्ष देतात. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत आणि पावसाचे पाणी साठवण्यासाठी पोढी खोदल्या आहेत. आपण सहलीला जातो, फोटो काढतो आणि परततो. अर्धा तास मुकाट्याने बसणारे थोडे.

ही चैन आहे काय?

येथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. झाडे, नद्या, कविता हे सुखवस्तूंचे विषय. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवले, पाणवठ्यावर ज्यांना हात लावू दिला नाही, त्यांनी निसर्गाचे गोडवे कसे गावेत? २० मार्च १९२७ रोजी महाडला तळ्याचे पाणी ओंजळीत घेणे हाच संगर होता. आमचे म्हणणे असे की, म्हणूनच निसर्ग आणि शब्द या दोन्हींवर आपला हक्क आपण बजावला पाहिजे.

याचे उत्तर थेरगाथेतच सुनीत थेरांनी दिले आहे. आपण नीच मानलेल्या कुळात जन्मलो, वाळलेली फुले उचलून टाकण्याचे काम करीत होतो, लोक तिरस्कार करीत, आपण मान खाली घालून सर्वांना वंदन करीत असू, हे ते स्वतः सांगतात. मगधाच्या नगरीत तथागत येताना दिसले. सुनीतांनी खांद्यावरची कावड खाली ठेवली. तथागत त्यांच्यासाठी थांबले आणि त्यांना संघात घेतले. पुढे ते एकटे अरण्यात राहिले आणि मुक्त झाले. ज्याला नगरीने हीन मानले त्याला अरण्याने जात विचारली नाही. आणि त्याने आपली हकिगत दुसऱ्या कुणावर न सोपवता स्वतःच्या तोंडाने सांगितली.

तोच धागा पुढे बाबासाहेबांच्या आठवणींत दिसतो. १९०१ साली मसूर स्टेशनावरून वडिलांकडे निघालेल्या लहान मुलांना वाटेत कुणी पिण्याचे पाणी दिले नाही. बरोबर जेवण असूनही ती उपाशी झोपली. हा प्रसंग त्यांनी स्वहस्ते लिहून ठेवला आणि १९९० साली पुस्तिकारूपाने तो प्रसिद्ध झाला. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी लहानसे दुकान सांभाळत, घरच्यांच्या नकळत लिहिले. त्यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. शब्दांत आणल्यावर अपमान आपल्याला चिकटून राहत नाही. तो साक्ष बनतो आणि इतरांच्या उपयोगी पडतो. जीवनाला हेतू मिळतो तो असा.

आजचे संशोधन

अमेरिकेत रॉजर उलरिक यांनी १९८४ साली पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले व त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. १९८६ साली जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या मनावरील आघाताविषयी लिहायला लावले. घटनेबरोबर भावनाही लिहिणाऱ्यांना पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. मात्र लिहिताना सुरुवातीला मन अधिक खिन्न होते, हेही त्यांना आढळले.

आपण काय करावे?

१. रोज पंधरा मिनिटे एकाच झाडाजवळ बसावे. रानच हवे असे नाही, कॉलनीतला पिंपळ चालेल. काय बदलले एवढेच पाहावे.

२. घरी येऊन जे पाहिले ते चार ओळींत लिहावे. शुद्धलेखनाची भीती नको. लिहिता न येणाऱ्या आईने सांगावे, नातवाने लिहून घ्यावे.

३. दुःखाविषयी लिहिताना फार त्रास झाला तर थांबावे. वाचून दाखवण्याची सक्ती कुणावर करू नये.

४. वर्षावासात आठवड्यातून एकदा विहारात, ज्यांची इच्छा असेल त्यांनी वाचावे. ऐकणाऱ्यांनी उपदेश करू नये.

५. झोप उडाली असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येत असेल, तर डॉक्टरांकडे जावे व नेणाऱ्यानेही संकोच करू नये. आजाऱ्याची सेवा ही आपली सेवाच होय, असे तथागतांनी भिक्खूंना बजावले आहे. वही हे औषधाला पर्याय नव्हे.

पटाचारा एकटीच मुक्त होऊन थांबली नाही. मुलांच्या शोकात बुडालेल्या अनेक स्त्रिया पुढे तिच्याकडे आल्या आणि शांत झाल्या, याची नोंद थेरीगाथेतच आहे. जिने सर्व गमावले तिच्याच शब्दांनी इतरांचे अश्रू पुसले. आपल्याही वस्तीत अशा पटाचारा आहेत. त्यांच्या हाती वही देऊ या आणि त्या बोलू लागल्या की शांतपणे ऐकू या.

नमो बुद्धाय! जय भीम!