शेजारचे उपचारगृह आणि गावाची हरकत

एखाद्या वस्तीत व्यसनमुक्तीचे अथवा मनोरुग्णांचे निवासी उपचार केंद्र निघणार अशी वार्ता आली की, ग्रामपंचायतीच्या वा नगरपरिषदेच्या दप्तरी दोन कागद लागोपाठ दाखल होतात. पहिला संस्थेचा अर्ज आणि दुसरे रहिवाशांचे सह्यांचे निवेदन. निवेदनातील मजकूर बहुधा ठरलेला असतो. शाळा जवळ आहे, स्त्रिया व वृद्ध भयभीत झाले आहेत, जागांच्या किमती उतरतील, रस्ता अरुंद आहे, इत्यादी. ही भीती खोटी असते असे म्हणणे रहिवाशांवर अन्याय करणारे होईल. तथापि भीती खरी असली तरी तिला आधार आहे किंवा काय, हे निर्णय देणाऱ्यास स्वतंत्रपणे पाहावे लागते. ते कसे पाहावे, याचा वस्तुपाठ अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या क्लिबर्न या शहरी घडलेल्या एका प्रकरणात मिळतो. आपल्याकडील वादाशी त्याचे साम्य इतके आहे की, तो तपशील येथे विस्ताराने देणे योग्य वाटते.

क्लिबर्नचे प्रकरण

जुलै १९८० मध्ये या शहरात एक घर खरेदी करण्यात आले. चार शयनगृहांच्या या वास्तूत तेरा बौद्धिक अक्षम स्त्री-पुरुषांना सेवकवर्गाच्या सतत देखरेखीखाली ठेवण्याची योजना होती. त्या विभागात भाड्याच्या सदनिका, वसतिगृहे, इस्पितळे आणि वृद्धांची शुश्रूषागृहे यांना विशेष परवान्याची गरज नव्हती. मात्र नियमात एक अपवाद केलेला होता. वेडसर, मंदबुद्धी, मद्यासक्त आणि अमली पदार्थांच्या आहारी गेलेले यांच्यासाठी इस्पितळ काढावयाचे झाल्यास परवाना आवश्यक होता. तोही दरवर्षी नव्याने घ्यावयाचा, आणि अर्जासोबत दोनशे फुटांच्या आतील मालमत्ताधारकांच्या सह्या आणावयाच्या! नियोजित घर हे इस्पितळ नव्हतेच. तरीही नगरपालिकेने त्यास त्या अपवादात बसविले. जाहीर सुनावणी झाली आणि नगर परिषदेने तीन विरुद्ध एक मताने परवाना नाकारला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १ जुलै १९८५ रोजी देण्यात आलेल्या निकालात न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी नगर परिषदेची कारणे एकेक करून तपासली. आसपासच्या बहुसंख्य मालमत्ताधारकांचा विरोध आहे, हे पहिले कारण. केवळ नापसंती वा निराधार भय हे परवाना नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही आणि मतदारांच्या बहुमतानेही ते तसे होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. समोर माध्यमिक शाळा आहे व तेथील मुले या रहिवाशांना त्रास देतील, हे दुसरे कारण. त्या शाळेत बौद्धिक अक्षम असे सुमारे तीस विद्यार्थी आधीपासूनच शिकत होते! पाचशे वर्षांत एखादे वेळी पूर येऊ शकेल अशा पट्ट्यात हे घर येते, हे आणखी एक कारण. मग त्याच जागी शुश्रूषागृह वा रुग्णालय चालले असते, ते कसे? एका घरात तेरा माणसे म्हणजे गर्दी, असेही सांगण्यात आले. परंतु दुसरी कोणतीही तेरा माणसे तेथे राहिली असती तर नगरपालिकेची हरकत नव्हती.

परवाना नाकारण्याची कृती घटनाबाह्य ठरली. मात्र बौद्धिक अक्षम व्यक्तींसाठी अधिक कडक कसोटी लावण्यास न्यायालयाने नकार दिला होता, हेही नमूद केले पाहिजे. सरकारी निर्णयास सयुक्तिक आधार असावा, या सर्वसाधारण कसोटीवरच नगर परिषदेची बाजू टिकली नाही.

आपल्याकडील स्थिती

रोग्यास गावाबाहेर ठेवण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ पर्यंत अधिकृतपणे अस्तित्वात होता. वर्ध्याजवळचे दत्तपूर असो वा वरोऱ्याचे आनंदवन असो, या थोर कार्यांना गावाच्या वेशीबाहेरच आरंभ करावा लागला. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात १९८६ साली पुण्यास सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्रालाही पहिली जागा मिळाली ती येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने या दृष्टीत मूलभूत बदल केला. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस समाजात राहण्याचा व समाजापासून विलग न केले जाण्याचा हक्क या कायद्याने दिला. कुटुंब स्वीकारत नाही वा वस्तीत सोय नाही, एवढ्याच कारणास्तव तिला आस्थापनेत ठेवून घेता येत नाही. त्यासाठी संक्रमणगृहे व समूहगृहे यांची तरतूद करणे वा त्यांना साहाय्य देणे ही शासनाची जबाबदारी आहे. मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोवस्थाही मानसिक आजाराच्या व्याख्येत अंतर्भूत आहेत.

प्रस्तुत लेखकास काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी अशाच एका सभेस उपस्थित राहण्याचा योग आला. दोन तास चर्चा झाली. भिंत किती उंच असावी, फाटक कोणत्या दिशेस असावे, यांवर आवाज चढले. परंतु संस्थेची नोंदणी झाली आहे काय, हे एकाही वक्त्याने विचारले नाही. वैद्य रोज येणार की आठवड्यातून एकदा, रात्री कोण असणार, हेही कोणी विचारले नाही. केंद्राला विरोध करणाऱ्यांनी नाही, तसेच पाठिंबा देणाऱ्यांनीही नाही. आत राहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने तर हेच प्रश्न जिव्हाळ्याचे होते. नातेवाइकांपासून दूर, बंद दाराआड राहणाऱ्या माणसाचे हाल शेजाऱ्यास सर्वांआधी कळू शकतात.

कायद्याने शेजाऱ्यास या बाबतीत हात दिलेला आहे. प्राधिकरणाकडे नोंदणी केल्याविना असे केंद्र चालविता येत नाही. रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे. नोंदणीकृत केंद्राची दर तीन वर्षांनी तपासणी व्हावयाची असते. किमान मानकांचा भंग होत असल्याची तक्रार कोणतीही व्यक्ती करू शकते आणि तीवरून प्राधिकरण चौकशीचा आदेश देऊ शकते. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक केंद्राने दर्शनी जागी लावलेला असला पाहिजे. केंद्रास भेट देणाऱ्या पंचायत सदस्याने प्रथम ती भिंत पाहावी.