बॉडी बदलायची? आधी सखीरला चला

बहरीनमधल्या मराठी घरातला कॅमेरा वर्षभर दोन अगदी वेगळ्या हवांत वावरतो. नोव्हेंबर ते मार्च शुक्रवार-शनिवारची भटकंती असते: सखीरचं वाळवंट, मुहर्रकच्या गल्ल्या, तुबलीच्या खाडीवरचे रोहित. मग शाळांना जुलै-ऑगस्टची सुट्टी लागते, माणसं गावी जातात आणि तोच कॅमेरा भर पावसात हरिश्चंद्रगड नाहीतर अंधारबनाच्या वाटेला लागतो. कॅमेरा बहुधा एन्ट्री लेव्हलचा डीएसएलआर असतो, कॅननच्या १५००डी किंवा निकॉनच्या डी ३५०० च्या घराण्यातला. दोन-तीन वर्षं वापरून झाली की एखाद्या गुरुवारी रात्री बॅग भरताना विषय निघतोच: आता बॉडी बदलू या का?

माझं मत आधीच सांगतो. तुम्हाला हवा असलेला एक ठराविक फोटो, जो काढायला तुम्ही पुन्हा पुन्हा जाता, तो या बॉडीनेच अडवलाय असं दाखवता आलं, तर बदला. ‘फोटो तितके खास येत नाहीत’ हे कारण नव्हे. त्या तक्रारीमागे उजेड असतो, लेन्स असते, हात असतो. बॉडीचा नंबर बराच मागे लागतो. आणि हे तपासायला बहरीनसारखी सोयीची जागा नाही. उत्तर-दक्षिण जेमतेम ५० किलोमीटरचं बेट. अंधार, झगझगीत ऊन, उडते पक्षी आणि सुसाट गाड्या हे सगळं घरापासून तासाभराच्या आत.

सुरुवात मुहर्रकपासून करा. मोती व्यापाऱ्यांच्या घरांना जोडणारी साडेतीन किलोमीटरची वाट, २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत. अरुंद गल्ल्या, आत अंधारी दालनं, संध्याकाळी पिवळे दिवे. इथे किट लेन्स हात टेकते. १८-५५ ला ५० मिमीच्या आसपास नेलं की अ‍ॅपर्चर एफ/५.६ वर अडकतं, कॅमेरा आयएसओ ६४०० वर चढतो आणि फोटोत रवाळपणा येतो. बहुतेकांना इथेच वाटतं की सेन्सर जुना झाला. आता हिशेब करा. त्याच एपीएस-सी आकाराच्या, त्याच पिढीतल्या महाग बॉडीवर गेलात तर अंधारात मिळणारा फरक जवळजवळ डोळ्यांना दिसणारच नाही. थेट फुल फ्रेमवर उडी मारलीत तर साधारण एका स्टॉपचा फायदा. आणि ५० मिमी एफ/१.८ ही सगळ्यात स्वस्त लेन्स लावलीत तर तीन स्टॉपहून जास्त, म्हणजे नऊ पटींहून अधिक उजेड. बॉडीच्या किमतीच्या एका तुकड्यात. निकॉनवाल्यांनी एवढं बघावं की डी ३००० आणि डी ५००० मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी एएफ-डी लेन्स घेतलीत तर फोकस हाताने फिरवावा लागेल. एएफ-एस लिहिलेलीच घ्या. गल्लीत ५० मिमी फार जवळची वाटते, त्याला ३५ मिमी बरी. आणि सगळं दालन एका फ्रेममध्ये हवं असेल, तर कॅननची १०-१८ किंवा निकॉनची १०-२०. यातलं काहीही नवी बॉडी देणार नाही.

आता दक्षिणेला, जीवनवृक्षाकडे. सखीरच्या वाळवंटात एकटंच उभं असलेलं हे सुमारे ४०० वर्षांचं, दहा मीटरच्या आतबाहेरचं झाड म्हणजे शमी, दसऱ्याला आपण पुजतो तीच. सकाळी अकराला गाडीतून उतरून काढलेला फोटो फिका येतो, आकाश पांढरं आणि बुंधा काळा. पन्नास हजारांच्या बॉडीनेही फिकाच येतो आणि पाच लाखांच्याही. उजळ वाळूमुळे मीटर फसतो आणि फ्रेम काळपट होते, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एकपर्यंत न्या. जेपीजीऐवजी रॉ घ्या. ही सोय तुमच्या आहे त्या बॉडीत पहिल्या दिवसापासून आहे. आणि मुख्य म्हणजे सूर्योदयाला जा. दिल्मुनकालीन दफनटेकड्यांचंही तेच. २१ ठिकाणी मिळून ११,७७४ टेकड्या, पण दुपारी तिथे नुसता राडारोडा दिसतो. सकाळचं तिरकं ऊन पडलं की एकेक उंचवटा सावलीनिशी उठून येतो. ज्याच्या बहुतेक फोटोंत झाडं, किल्ले, टेकड्या आणि घरची माणसं आहेत, त्याने हा लेख इथेच मिटून पैसे लेन्सकडे आणि एका बऱ्या ट्रायपॉडकडे वळवले तरी चालेल.

बॉडीची खरी परीक्षा तुबलीच्या खाडीवर होते. हिवाळ्यात रास सनदच्या खारफुटीजवळ आणि तिकडे अराद खाडीवर रोहित येतात, समुद्र बगळे असतात. भरती चढू लागली की चिखलात चरणारे पक्षी किनाऱ्याकडे सरकतात, म्हणून निघताना वेळापत्रक भरतीचं बघा. ५५-२५० किंवा ७०-३०० लावा. कॅमेरा विकत घेतला त्या दिवसापासून फोकस ज्या स्वयंचलित मोडवर आहे तो बदला: कॅननवर एआय सर्वो, निकॉनवर एएफ-सी. फोकस पॉइंट फक्त मधला. शटर १/१६०० किंवा त्याहून वेगवान, आयएसओ ऑटो. मग उडणाऱ्या पक्ष्यांचे भरपूर फोटो काढा आणि घरी येऊन फसलेले फोटो मोठे करून बघा. चांगल्या फोटोंपेक्षा हेच जास्त बोलतात. पक्षी आणि पाणी दोन्ही फरफटल्यासारखे आले असतील तर शटर कमी पडलं किंवा हात हलला. मागची खारफुटी स्वच्छ आणि पक्षी मऊ असेल तर फोकस चुकला. पक्षी स्वच्छ, पण पंखांची ठेवण दर वेळी नेमकी नको तीच, तर बर्स्टचा वेग कमी पडला. आणि सगळंच एकसारखं वितळल्यासारखं, कडा थरथरलेल्या, तर दोष तापलेल्या हवेचा आहे. इथल्या किनाऱ्यावर सकाळी नऊनंतर दूरचं काहीही टिपताना हे होणारच. जवळ जाणं किंवा लवकर जाणं एवढेच दोन उपाय.

सेटिंग नीट करूनही दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचे फसलेले फोटो ढिगाने निघत असतील, आणि दोन-तीन शनिवार जाऊनही तेच असेल, तर बॉडी अडवते आहे असं खुशाल म्हणा. १५००डीत फोकसचे ९ पॉइंट, त्यातला एकच क्रॉस प्रकारचा, आणि सेकंदाला ३ फ्रेम. ८०डीत ४५ पॉइंट, सगळे क्रॉस, सेकंदाला ७ फ्रेम. डी ३५०० मध्ये ११ पॉइंट आणि ५ फ्रेम, तर डी ७५०० मध्ये ५१ आणि ८. निळ्या आकाशावरचा पक्षी ९ पॉइंटही पकडतात. खारफुटीच्या गिचमिडीसमोरून जाणारा नाही पकडत. हवार बेटांवर जाणाऱ्यांना हा फरक आणखी जाणवेल. सोकोत्रा पाणकावळ्यांची जगातली सर्वांत मोठी वसाहत तिथली. हलत्या बोटीवरून थव्यातला एक पक्षी धरून ठेवायचा म्हणजे जुन्या फोकस यंत्रणेचा घाम निघतो. सखीरच्या शर्यतीच्या ट्रॅकचंही असंच. २००४ पासून इथे फॉर्म्युला वन धावते आणि २०१४ पासून ती दिव्यांच्या उजेडात होते. वर्षातून एकदाच तिथे जाणार असाल तर त्यासाठी बॉडी घेऊ नका, त्या शनिवार-रविवारपुरती कुणाकडून मागून घ्या.

धूळ आणि पाऊस हे बॉडी बदलण्याचं दुसरं पटण्यासारखं कारण वाटतं, पण त्यात एक मेख आहे. जून-जुलैत शमाल वारा सुटला की बारीक धूळ जिथे तिथे शिरते. एन्ट्री लेव्हलच्या बॉडीला सहसा सील नसतं. निकॉनने डी ३४०० आणि डी ३५०० मधून सेन्सर आपोआप झटकून घेण्याची सोयही काढून टाकली होती. वरच्या वर्गातल्या डी ७५०० किंवा ९०डीला सील आहे. पण त्यावर जुनी १८-५५ चढवलीत तर माउंटपाशीच फट उघडी राहते, कारण त्या लेन्सला रबरी कडं नाही. म्हणजे सीलबंद बॉडी घ्यायची तर लेन्सही तशीच घ्यायची, आणि मग खर्च दुप्पट. अंधारबनाच्या पावसासाठी साधं रेनकव्हर, वर एक टॉवेल आणि सॅकमध्ये सिलिका जेलची पुडी, एवढ्यावर भागतं. उन्हाळ्याबद्दल तर सांगायलाच नको. कॅनन काय, निकॉन काय, या वर्गातल्या बॉडीसाठी कंपनीने दिलेली मर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअसच असते, बऱ्याच महाग बॉडींचीही. बहरीनचा जुलै ती सर्रास ओलांडतो. कॅमेरा उभ्या गाडीत ठेवू नका. एसीतून दमट हवेत आणताना बॅगची चेन अर्धा तास उघडू नका, नाहीतर काच आतबाहेर घामेजते आणि तोवर सूर्य वर आलेला असतो.

ट्रेकरने वजनही मोजावं. बॅटरीसकट डी ३५०० भरते ४१५ ग्रॅम, डी ७५०० जाते ७२० वर. बहरीनमध्ये हा फरक कळतही नाही. इथला सर्वांत उंच डोंगर जेबेल दुखान १३४ मीटरचा. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर तिसऱ्या शिडीला पोचल्यावर ते जादा ३०० ग्रॅम मानेला बरोबर सापडतात.

समजा, परीक्षा झाली आणि बॉडी दोषी ठरली. पुढे काय घ्यायचं? २०२० नंतर कॅनन आणि निकॉन या दोघांनीही एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. दोघांचं सारं लक्ष मिररलेसवर आहे. म्हणून दुकानातला कोरा करकरीत मधल्या फळीचा डीएसएलआर पूर्ण किमतीला घेणं मला पटत नाही. दोनच रस्ते शहाणपणाचे. तुमच्याकडे दोन-तीन लेन्स आहेत आणि बजेट आवळलेलं आहे, तर सेकंडहँड ८०डी किंवा डी ७२०० च्या वर्गातली बॉडी. किंवा पुढची आठ-दहा वर्षं डोळ्यांपुढे ठेवून मिररलेस. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अ‍ॅडॉप्टरवर आर १० सारख्या बॉडीत फोकससकट चालतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी चालतात, एएफ-डी हातानेच. पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून धरून ठेवणारा फोकस हा मिररलेसचा मोठा फायदा. आणखी एक फायदा बहरीनमध्ये राहणाऱ्यालाच नीट कळेल: सखीरच्या उन्हात मागचा स्क्रीन काही केल्या दिसत नाही, पण इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा लावला की एक्स्पोजर कसं येतंय ते आधीच दिसतं. तोटा बॅटरीचा. डी ३५०० एका चार्जवर कंपनीच्या मोजणीने १५५० फोटो देतो. छोट्या मिररलेसमध्ये तो आकडा बऱ्याचदा तीन-चारशेच्या घरात असतो. हरिश्चंद्रगडावरच्या मुक्कामात प्लग शोधत फिरायचं नसेल तर दोन जादा बॅटऱ्यांचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

सेकंडहँड बॉडीसाठी जूनसारखा महिना नाही. नोकरी संपवून देश सोडणारी कुटुंबं शाळा संपता संपता सामान काढतात, त्यात कॅमेरे निघतात. निकॉन असेल तर विकणाऱ्याकडून थेट कॅमेऱ्यातून निघालेला एक ताजा जेपीजी मागा, शटर किती वेळा उघडलं तो आकडा त्यातच नोंदलेला असतो. कॅननमध्ये हा आकडा फाइलमध्ये नसतो, तेव्हा बाकीच्या खुणांवर भर द्या. अ‍ॅपर्चर एफ/१६ वर नेऊन मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी दिसेल. ठिपके पुसता येतात, ओरखडे नाही. ग्रिपचं रबर सुटलंय का ते दाबून बघा, इथल्या उष्णतेत ते हमखास सुटतं. कार्डाच्या खाचेतल्या पिना, फ्लॅश, आणि प्रत्येक फोकस पॉइंट एकेक करून. नवी घेणार असाल तर किंमत व्हॅटसकट विचारा, २०२२ पासून तो १० टक्के आहे. वॉरंटी फक्त आखाती देशांपुरती आहे की भारतातही चालते, तेही बिलावर लिहून घ्या. बिघाड बहुतेक वेळा सुट्टीत गावी गेल्यावरच होतो.

जुनी बॉडी मात्र विकू नका. तिला येणारे दिनार फार नसतात आणि वाळवंटात तिचा उपयोग मोठा आहे. एका बॉडीवर रुंद लेन्स, दुसरीवर लांब, म्हणजे वाऱ्यात लेन्स काढायची वेळच येत नाही.

लांब लेन्स घेऊन दक्षिणेकडे फिरताना एक पथ्य पाळा. तिथे तेलाच्या विहिरी, पाइपलाइन आणि लष्करी कुंपणं आहेत. त्यांच्याकडे लेन्स वळवायचीच नाही, पाटी असो वा नसो. जेबेल दुखानच्या आसपास रस्ता अडवला असेल तर मुकाट मागे फिरा. बाजारात आणि मुहर्रकच्या गल्लीत माणसांना, विशेषतः बायकांना, विचारल्याशिवाय टिपू नका. किल्ल्यात ट्रायपॉड उभा करण्याआधी राखणदाराशी दोन शब्द बोलून घ्या.

आणि सुट्टीसाठी नवी बॉडी न्यायचीच असेल तर ती मे महिन्यातच घ्या. म्हणजे पहाटेच्या दोन-तीन फेऱ्यांत बटणं बोटांना सवयीची होतील आणि दोष असेल तर दुकान अजून जवळ असेल. विमानात बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. बिलाची प्रत पाकिटात, आणि जुनी बॉडी बरोबर असेल तर तिचंही बिल. भारतात उतरताना कस्टम्सची करमुक्त मर्यादा त्या वर्षी किती आहे ते तिकीट काढतानाच बघून ठेवा.