वजनकाटा राहू दे, वजन उचल

अगं, जिम लावतेयस ते उत्तमच. पण ‘दिवाळीपर्यंत पाच किलो उतरवायचेत’ असं जे तू म्हणालीस ना, ते ऐकून मला राहवेना. उतरतीलही पाच किलो. पण त्यात चरबी किती आणि स्नायू किती, हे काटा सांगत नाही. पोट मारून नुसतं ट्रेडमिलवर पळलं की चरबीबरोबर स्नायूही जातो. आधीच तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू आपोआप झिजतो, साठीनंतर आणखी वेगाने. त्यात आपण हौसेने भर कशाला घालायची?

बाबांकडची साखर तुला माहीत आहे. जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. तेच रोडावले तर ती साखर जाणार कुठे? चाळिशीतल्या तुला मी डंबेल घे म्हणते ते एवढ्यासाठी. दंड कसे दिसतात हा नंतरचा भाग. आणि ‘पुरुषासारखी दिसेन’ ही भीती काढून टाक. तसे दंड व्हायला जे संप्रेरक लागतं, ते बाईच्या अंगात पुरुषाच्या कित्येक पटींनी कमी असतं. स्पर्धेत उतरणाऱ्या बायका त्यासाठी वर्षानुवर्षं घाम गाळतात, तुझ्यामाझ्याकडून चुकून काही तसं होणार नाही.

चालतेस ते सोडू नकोस. हृदयाला ते हवंच. पण चालून पाठीला, खांद्यांना, मनगटांना ओझं मिळत नाही, आणि ओझं मिळाल्याशिवाय हाड भक्कम होत नाही. पाळी जायला लागली की हाडं भराभर विरळ होतात. ऑस्ट्रेलियात शंभरएक अशा बायकांवर अभ्यास झाला, पाळी गेलेल्या आणि हाडं आधीच विरळ झालेल्या. काहींना घरी करायला हलका व्यायाम दिला, बाकीच्यांकडून आठवड्यातून दोनदा, अर्धाच तास, जाणकारांच्या देखरेखीखाली चांगली जड वजनं उचलून घेतली. आठ महिन्यांनी जड वजनं उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली होती, हलक्या व्यायामवाल्यांची घटली होती. गुलाबी रंगाचं अर्ध्या किलोचं डंबेल वर्षभर हलवत बसणाऱ्या बायका पाहिल्या की मला हेच आठवतं.

‘आजीला कुठे जिम लागलं होतं?’ असं आई म्हणेल, तेव्हा गप्प बसू नकोस. आजीने हंडे वाहिले, दळण दळलं, सगळं खरं. पण ते ओझं तिला झेपेल तसं हळूहळू वाढवत कुणी दिलं नव्हतं, मध्ये विसावा नव्हता, आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर तिच्या पानात काय उरायचं तेही आपण पाहिलंय. राबणं वेगळं, व्यायाम वेगळा.

खरं म्हणजे तुझ्याआधी आईला सुरुवात करायला हवी. बिनहातांची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेव, हात छातीशी घडी करायला सांग आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठते-बसते ते मोज. तू शेजारी उभी राहा. सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या बाईला दहा वेळाही जमलं नाही, तर पडण्याचा धोका जास्त असं समजतात. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरुणाला खिळतं, आणि पडून राहिलं की पायांतलं बळ बघता बघता ओसरतं.

‘आता या वयात काय!’ हे तर ती म्हणणारच. तिला बोस्टनचं सांग. तिथल्या एका वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं होतं. १९९० साली ते छापून आलं. नऊ जणांनी पूर्ण केलं आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली! मात्र पुढे चार आठवडे व्यायाम थांबल्यावर त्यातली बरीच ताकद पुन्हा गेली, म्हणून एकदा धरलं की सोडायचं नाही. तिच्यासाठी खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात लावून जोर आणि ओट्याला धरून टाचा उचलणं, एवढं पुरे. सोपं वाटायला लागलं की हातात पाण्याची भरलेली बाटली दे. श्वास रोखून जोर लावायचा नाही, त्याने रक्तदाब चढतो. तिच्या डॉक्टरांना आधी विचार, विशेषतः मणक्याचं, डोळ्यांच्या पडद्याचं किंवा हृदयाचं काही असेल तर.

तुझ्या चिरंजीवांची उंची वजनांनी खुंटेल म्हणतात, त्याला आधार नाही. पोरं दुखावतात ती चुकीच्या पद्धतीने आणि मित्रांशी पैज लावून. आधी जोर-बैठका नीट जमू देत, जवळ मल्लखांब शिकवणारी व्यायामशाळा असेल तर फारच छान.

तू आठवड्यातून दोन दिवस कर, मध्ये एखाद-दोन दिवस सोडून. बैठक, जमिनीवरून वजन उचलणं, ढकलणं, ओढणं हे चार प्रकार आले की झालं. आठ ते बारा वेळा, आणि शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. जात नसतील तर वजन वाढव. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर घाबरू नकोस. सांध्यात कळ आली तर मात्र तिथेच थांब.

आणि ट्रेनर पहिल्याच आठवड्यात प्रोटीनचा डबा गळ्यात मारेल, तो एवढ्यात घेऊ नकोस. आधी आपलं पातळ वरण घट्ट कर. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. तुझ्यासारख्या साठ किलोच्या बाईला व्यायाम सुरू केल्यावर दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम पोटात गेले पाहिजेत. उसळ, दही, अंडी, शेंगदाणे असं मोजून बघ आठवडाभर, आणि कमी पडलं तर मला फोन कर, मग डब्याचं बघू.