चला, घराच्या गच्चीवरून अंतराळस्थानक पाहूया!

उपग्रह बघायला दुर्बीण लागते असं तुम्हाला वाटतं ना? मलाही आधी तसंच वाटायचं. पण आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक साध्या डोळ्यांनी दिसतं, शहराच्या उजेडातही दिसतं. जून 2025 मध्ये शुभांशु शुक्ला तिथे पोहोचले, तेव्हा तर आपला माणूस त्या ठिपक्यात बसलेला होता!

हे स्थानक जमिनीपासून साधारण 400 किमी उंचीवरून ताशी सुमारे 28,000 किमी वेगाने फिरतं. सुमारे 90 मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी. म्हणजे पुणे ते नागपूर हे सरळ रेषेतलं अंतर दीड मिनिटाच्या आत पार! एसटीने किती तास लागतात ते घरी विचारा.

ओळखायचं कसं? विमानाचे दिवे लुकलुकतात, त्यात लाल-हिरवा रंग असतो. तुटणारा तारा क्षणात संपतो. स्थानक मात्र न लुकलुकता, शांतपणे सरकत जातं आणि पश्चिमेच्या बाजूने येऊन पूर्वेच्या बाजूला जातं. चांगल्या वेळी ते शुक्रासारखं तेजस्वी दिसतं. चीनचं तिआनगाँग स्थानकही असंच दिसतं, पण थोडं मंद. ओळीने जाणारे बरेच ठिपके दिसले तर ते बहुधा नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह असतात.

वेळ नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ या ॲपवर किंवा ‘हेवन्स-अबव्ह’ या संकेतस्थळावर मिळते. तिथे आपलं गाव नीट निवडा. उंची अंशांत दिलेली असते. हात समोर ताठ करून मूठ धरा, ती मूठ म्हणजे साधारण 10 अंश. 40 अंश म्हणजे क्षितिजापासून चार मुठी वर. आता माझी फजिती सांगतो. आकाशाच्या नकाशात पूर्व डावीकडे असते, कारण तो नकाशा डोक्यावर धरून बघायचा असतो. मी तो वहीसारखा समोर धरला आणि पंधरा-वीस मुलांना चुकीच्या दिशेला तोंड करून उभं केलं. एका मुलाने सहज मागे वळून पाहिलं आणि ओरडला, “सर, ते बघा!”

तेवढ्यात दुसरी गंमत झाली. डोक्यावरून जरा पुढे गेल्यावर ठिपका एकदम विझला. आकाशात ढग नव्हता. “सर, यान फुटलं का?” एका मुलीने घाबरून विचारलं. मी लगेच उत्तर दिलं नाही. वेळ आणि जागा लिहून ठेव, एवढंच म्हणालो. त्या दिवशी सव्वासात वाजले होते. दुसऱ्या दिवशी स्थानक साडेसहालाच आलं आणि थेट पूर्वेच्या झाडांमागे जाईपर्यंत दिसत राहिलं.

असं का? स्थानकाला स्वतःचा प्रकाश नसतो, ते सूर्यप्रकाशाने चमकतं. आपल्याकडे सूर्य मावळला तरी 400 किमी उंचीवर ऊन असतं. मावळतीचं ऊन अंगणातून गेलं तरी नारळाच्या शेंड्यावर राहतं ना, तसंच. जसजशी रात्र होते तसतशी पृथ्वीची सावली पूर्वेकडून वर चढते. स्थानक तिच्यात शिरलं की दिसेनासं होतं. म्हणून पहिल्या दिवशी ते मध्येच विझलं, आणि दुसऱ्या दिवशी लवकर आल्यामुळे सावली अजून खालीच होती. याच कारणाने मध्यरात्री ते सहसा दिसत नाही. सूर्यास्तानंतरचे आणि सूर्योदयापूर्वीचे दीड-दोन तासच कामाचे.

आषाढ-श्रावणात ढगांमुळे फार आशा ठेवू नका. दिवाळीनंतरचं आकाश उत्तम. सलग काही दिवस स्थानक दिसतं, मग बरेच दिवस दिसतही नाही, तेव्हा कंटाळू नका. गच्चीवर जाताना मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि कठड्यावर चढू नका.

वहीत चार रकाने आखा: तारीख, दिसल्याची वेळ, विझल्याची वेळ, विझताना किती मुठी वर. चार-पाच नोंदी झाल्या की वर्गात आणा. आणि हो, पहाटे सूर्योदयापूर्वी पाहिलं तर स्थानक मध्येच विझेल की मध्येच उजळेल? उत्तर आधी लिहा, मग गजर लावा.