भर मोसमात संघ सोडणाऱ्या मुली

सांगलीकडच्या एका महाविद्यालयात मुलींचा बास्केटबॉलचा संघ मी निवृत्त होईपर्यंत सांभाळला. पद शारीरिक शिक्षण संचालकाचं; मुलींसाठी 'मॅडम', आणि ऑफिसातल्या मंडळींसाठी 'ग्राउंडवाल्या बाई'. पदवी तीन वर्षांची, त्यामुळे मुली येणार आणि जाणार हे धरूनच चालायचं असतं. त्रास होतो तो भर मोसमात, परीक्षा लांब असताना आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आलेली असताना एखादी निघून गेली की. नवे क्रीडाशिक्षक अजून फोन करतात, "मॅडम, मुली टिकत नाहीत हो, काय करायचं?" त्यांना तुकड्या-तुकड्यांनी सांगत आले ते इथे एकत्र लिहिते.

१. यादीतली बारा नावं म्हणजे बारा खेळाडू नव्हेत

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमानुसार पाच खेळाडू मैदानात उभ्या राहिल्याशिवाय सामना सुरू होत नाही. पंधरा मिनिटं वाट बघतात, नंतर समोरच्या संघाला २०-० असा विजय देऊन मोकळे होतात. सामना एकदा सुरू झाला की मात्र दोघी उरल्या तरी खेळता येतं. एकटी उरली तर हरलात. हा नियम बहुतेकांनी पुस्तकात वाचलेला असतो, मी मैदानावर बघितलाय. एका स्पर्धेला प्रॅक्टिकलमुळे सातच मुली आल्या. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एकीचा घोटा मुरगळला, चौथ्यात दोघी पाच-पाच फाउल करून बाहेर गेल्या. उरलेल्या चौघींतल्या एकीच्या पोटरीत असा गोळा आला की ती बास्केटखालीच बसली. शेवटची चार मिनिटं आमच्या तिघी आणि त्यांच्या पाच. आमची पॉइंट गार्ड चेंडू घेऊन चोवीस सेकंद संपत येईपर्यंत नुसती गोल-गोल पळत होती, नियम मोडत नव्हती, पण बास्केटकडेही जात नव्हती. समोरचे कोच चिडले. हरलो अर्थातच. परतीच्या गाडीत मात्र पोरी वरात निघाल्यासारख्या गात होत्या.

तेव्हापासून मोसमाच्या सुरुवातीला यादी करताना प्रत्येक नावापुढे पेन्सिलने लिहायचे की ही का जाऊ शकते. प्रॅक्टिकल, बस, गुडघा, भरती, स्थळ. ज्या नावापुढे काहीच सुचत नसे, त्या मुलीशी पुरेसं बोलणं झालेलं नाही एवढंच त्यावरून कळे.

२. सरावाची वेळ एसटी ठरवते

आमच्या निम्म्या मुली तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस भागातल्या गावांतून यायच्या. संध्याकाळी साडेपाचला सराव सुरू केला की साडेसहाला बाकावरच्या पिशव्यांमधून फोन वाजायला लागायचे. "कुठंयस? गाडी गेली ना?" शेवटची गाडी चुकली की वडील किंवा भाऊ मोटारसायकल काढून येणार, आणि दोन-तीनदा असं झालं की चौथ्या दिवशी मुलगी येणार नाही. तिला खेळ आवडेनासा झालाय असा निष्कर्ष काढणारे सहकारी मला भेटलेत. तिला खेळ आवडतोच. घरच्यांना रात्रीच्या रस्त्यावर तिला न्यायला यावं लागतंय, ते तिला आवडत नाहीये.

मी डेपोतून वेळापत्रक आणून जिमखान्याच्या दारावर चिकटवलं आणि सराव सकाळी घेतला. सकाळी गाड्या भरून येतात, मुलगी कॉलेजलाच चाललीये असं घरी वाटतं, आणि 'उशीर' हा शब्दच निघत नाही. फ्लडलाइटसाठी अर्ज करत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. तोटा एकच: सहाच्या सरावाला आलेल्या मुलीच्या पोटात चहाशिवाय काही नसतं. शेंगदाणे-गुळाचा डबा ठेवा. हे वाचून हसणाऱ्यांनी उपाशी मुलींकडून सुइसाइड रन काढून घेऊन बघावेत.

३. पोलीस भरतीला शत्रू समजू नका

आमच्या संघाच्या सर्वांत जास्त खेळाडू कुठल्या प्रतिस्पर्ध्याने नेल्या असतील, तर पोलीस भरतीने. महिला शिपाई पदाला उंची १५५ सेंटिमीटर लागते. बास्केटबॉलच्या मुली त्यात आरामात बसतात. मैदानी चाचणी ५० गुणांची: ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि चार किलोचा गोळा. जाहिरात निघाली की आमची सेंटर, फॉरवर्ड, सगळ्या उंच पोरी भरतीच्या तयारीच्या अकादमीत. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही.

सुरुवातीला मला राग यायचा. पण हिशेब मांडून बघा. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी महाराष्ट्रात पाच टक्के आरक्षण आहे, ते ऐकून कितीतरी पालक मुलीला ग्राउंडवर पाठवतात. त्यासाठी नुसता सहभाग उपयोगाचा नाही, ठरलेल्या स्तरावरचं पदक लागतं, आणि ते प्रमाणपत्र क्रीडा विभागाकडून पडताळून घ्यावं लागतं. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आल्यापासून ही पडताळणी कडक झाली, ते योग्यच झालं. आता विद्यापीठ स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरणाऱ्या आमच्या संघातल्या मुलीला हे पदक कुठून मिळणार? त्यावरची पायरी म्हणजे रेल्वे. राष्ट्रीय स्पर्धेत महिलांमध्ये वर्षानुवर्षं रेल्वेचाच दबदबा आहे, कारण तिथे खेळासोबत पगार मिळतो. पण रेल्वेला हव्या असतात त्या देशातल्या वरच्या मोजक्या मुली. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. असं नाव एका पिढीत किती निघतं? बाकीच्यांसाठी पदवीनंतर बास्केटबॉलमध्ये पगाराची जागाच नाही. ज्या मुलीला आपण काहीच देऊ शकत नाही, तिच्याकडे निष्ठा कुठल्या तोंडाने मागायची?

म्हणून मी भरतीची तयारी सरावातच घ्यायला लागले. मंगळवारी ८०० मीटरची वेळ, शुक्रवारी गोळा. गोळाफेकीने मनगट आणि कंबर तयार होते, लांबून पास जातो. खेळाचं नुकसान काहीच झालं नाही. अकादमीच्या फीचे पैसे वाचले म्हणून घरचे खूश, आणि मुली स्पर्धा संपेपर्यंत थांबायला लागल्या. आमच्या एका माजी सेंटरने, आता ती एका पोलीस ठाण्यात आहे, मला विनाहेल्मेट स्कूटरवर पकडून पावती फाडायला लावली होती. मॅडम म्हणून सूट नाही.

४. गुडघा पहिल्यांदा कुरकुरतो तेव्हाच ऐका

मुलींच्या गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध मुलांच्या तुलनेत कितीतरी जास्त वेळा तुटतो, आणि तोही बहुतेकदा कुणी धडकलेलं नसताना: उडी मारून खाली येताना, पळता पळता एकदम वळताना. आमच्याकडे त्यात सिमेंटच्या कोर्टची भर. ऑपरेशननंतर परत खेळायला नऊ महिने धरा. तीन वर्षांच्या पदवीत नऊ महिने म्हणजे एक अख्खा मोसम. शिवाय खर्च. ज्या घरात आईचं गुडघ्याचं दुखणं पैशांअभावी पुढे ढकललेलं असतं, तिथे मुलीचा खेळण्यासाठीचा गुडघा कोण दुरुस्त करणार? ती मुलगी बरी होते, चालते, लग्नात नाचते, पण मैदानात परत येत नाही.

हे बरंचसं टाळता येतं. उडीनंतर दोन्ही पायांवर, गुडघे आत न वळवता उतरायचं. एका पायावर तोल. मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. पंधरा-वीस मिनिटांचा हा वॉर्मअप नेमाने केला तर मुलींमधल्या अशा दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, असं संशोधन आहे. कंटाळवाणा आहे, मुली टाळाटाळ करतात. करून घ्या.

५. कपडे आणि कुंपण

अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेनसन या शिक्षिकेने १८९३ मध्ये मुलींचा पहिला सामना भरवला, तेव्हा पुरुषांना आत प्रवेश नव्हता. आमच्याकडे कुंपणाला टेकून उभ्या राहणाऱ्या पोरांना प्रवेशाची गरजच नसते. शॉर्ट्स घालून पळणाऱ्या मुलींवर शेरे मारले जातात, ते गावात पोचतात, आणि घरून सांगणं येतं की सलवारीत खेळता येत असेल तर खेळ.

शॉर्ट्सखाली पूर्ण पायाची टाइट्स नियमात बसते, फक्त संघातल्या जितक्या जणी घालतील त्यांची एकाच रंगाची हवी. मी सगळ्यांनाच काळी आणली, म्हणजे कुणी वेगळी दिसायला नको. मिरजेच्या एका मुलीचा प्रश्न याहून अवघड होता. ती डोकं झाकल्याशिवाय खेळणार नव्हती आणि तेव्हा फिबाचा नियम तसं खेळू देत नव्हता. सरावात आमची उत्तम शूटर, सामन्यात स्कोअरशीट लिहायला. दुसऱ्या वर्षी ती आलीच नाही. २०१७ मध्ये फिबाने नियम बदलला आणि डोकं झाकून खेळायला परवानगी दिली. तोवर तिला दोन मुलं झाली होती. कुंपणाचं म्हणाल तर त्याला हिरवं शेडनेट लावलं, नर्सरीवाल्याकडून आणून.

६. लग्न

याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. ठरलं की ठरलं. मध्ये पडून उपयोग झाल्याचं मला आठवत नाही. परीक्षेपर्यंत थांबा म्हटलं तर थांबतात, स्पर्धेपर्यंत थांबत नाहीत.

७. दुसऱ्या कॉलेजने पळवली तर

चांगल्या खेळाडूला फी माफ, हॉस्टेल, बूट देऊन दुसरं कॉलेज नेतं. आमची एक गार्ड अशीच गेली आणि पुढच्याच वर्षी आमच्याविरुद्ध खेळली. तिचा टीसी अडवून ठेवा, असं मला सुचवणारे लोक होते. अडवला नाही. अडवायचा कशासाठी? तिला आमच्याकडे स्वतःचे बूट विकत घ्यावे लागत होते.

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलमध्ये हे सगळं आता उघड झालंय. २०१८ पर्यंत तिथेही दुसऱ्या कॉलेजांशी बोलणी करायला आधी स्वतःच्या कॉलेजची परवानगी लागायची. त्या वर्षी 'ट्रान्सफर पोर्टल' आलं. खेळाडूने सांगितलं की कॉलेजने दोन दिवसांत तिचं नाव त्यात घालायचं, विषय संपला. २०२१ पासून एकदा कॉलेज बदलून एक वर्ष बाहेर न बसता लगेच खेळता येऊ लागलं, आणि २०२४ मध्ये अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा. एंजल रीस २०२२ मध्ये मेरीलँड सोडून लुइझियाना स्टेटला गेली आणि २०२३ मध्ये तिथे राष्ट्रीय विजेती झाली. तिला कोण गद्दार म्हणेल? अर्थात प्रत्येक वसंतात अर्धा संघ बदलला तर कोच शिकवणार कुणाला, हाही प्रश्न खराच. पण मला विचाराल तर कोचच्या सहीसाठी मुलीला रडायला लावण्यापेक्षा ती पद्धत बरी. कोच मंडळी जास्त पगारावर कॉलेज बदलतात तेव्हा कुणाची सही लागते?

८. बाकावरची मुलगी आवाज न करता जाते

स्टार खेळाडू गेली की प्राचार्यांपर्यंत बोभाटा होतो. नववी-दहावी खेळाडू गेली तर कळायलाच आठवडा लागतो. ती रोज येते, चेंडू गोळा करते, पाण्याच्या बाटल्या भरते, आणि सामन्यात ट्रॅकसूटची चेन शेवटपर्यंत उघडत नाही. तिला दुसऱ्या क्वार्टरमध्ये दोन मिनिटं द्या, आघाडी जाईना का. सामना तीस गुणांनी जिंकल्यावर शेवटच्या मिनिटाला उतरवणं म्हणजे तिला खिजवणं.

९. जर्सी कशी परत येते ते बघा

"मॅडम, मी सोडतेय" असं तोंडावर येऊन सांगणारी मुलगी विरळा. आधी ती ग्रुपवर बोलेनाशी होते, मग एका रात्री साडेअकराला 'लेफ्ट' दिसतं. जर्सी भावाच्या किंवा मैत्रिणीच्या हाती येते. ती धुऊन, इस्त्री करून, घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत आली, तर मुलगी कायमची गेली असं समजा. तो निर्णय घरात चर्चा होऊन झालेला असतो. जर्सी आलीच नाही, मागूनही "आणते मॅडम, आणते" चाललं असेल, तर अजून आशा आहे. स्टॉक रजिस्टरमध्ये ती जर्सी 'येणे' दाखवा आणि ऑडिटच्या वेळी ओरडा खा. रजिस्टर पूर्ण करायच्या नादात तिच्या घरी शिपाई पाठवू नका.

१०. गेलेल्यांसाठी अर्धं कोर्ट

थ्री बाय थ्रीला अर्धं कोर्ट आणि चार मुली पुरतात: तिघी खेळणार, एक बदली. दहा मिनिटं किंवा एकवीस गुण, जे आधी होईल ते. टोकियोपासून हा प्रकार ऑलिम्पिकमध्येही आहे, म्हणून प्रस्तावावर सही मिळायला त्रास झाला नाही. रविवारी सकाळी माजी मुलींसाठी मी हे सुरू केलं. पोलिसातली आली, दोन मुलांची आई झालेली आमची ती मिरजेची शूटर आली, डोकं झाकून, थेट कोपऱ्यातून बास्केट टाकत. एकीचं तान्हं बाळ स्कोअररच्या टेबलाखाली पाळण्यात झोपलेलं असे. चालू संघातल्या मुली आधी हसल्या, मग हरल्या, मग बोलायला लागल्या. सासरी सराव कसा विचारायचा, भरतीत गोळा कुठे पडायला हवा, गुडघ्यासाठी कुठला डॉक्टर उगाच ऑपरेशन सांगत नाही, ही माहिती त्यांना माझ्याकडून कधीच मिळाली नसती.

पाळणा तेवढा घरून आणायला सांगा. कॉलेजच्या खर्चात बसवायला गेले तेव्हा अकाउंट्समधल्या साहेबांनी तो कुठल्या क्रीडासाहित्यात मोडतो ते लेखी मागितलं होतं.